डब्यावर वॉट लिहा

२००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं, तापी सुरतेतल्या रांदेरात शिरली आणि तळमजल्यावरच्या बाबांच्या कॅसेटी गेल्या. माणिक वर्मा, बालगंधर्व, भीमसेन, सगळ्यांचा चिखल. पुढे मी एकेक करत तीनशे सीडी जमवल्या. त्या फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींमध्ये, उतरवून घरच्याच सर्व्हरवर ठेवायच्या आणि आईला पहाटे पाचला फोनवरून अभंग लावता यावेत, एवढंच हवं होतं.

असं यंत्र चोवीस तास चालू राहणार. त्यातले बावीस तास ते रिकामंच बसणार. म्हणून मजुरा गेटजवळच्या दुकानात एकच प्रश्न विचारला: रिकामं असताना किती वॉट लागतात? विक्रेता गिगाहर्ट्झ सांगत राहिला. पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "पंखा करतां ओछुं खाय छे," म्हणजे पंख्यापेक्षा कमी खातं. साधा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो! साठ वॉटचा जुना डेस्कटॉप वर्षभर चालू ठेवला तर सव्वापाचशे युनिट होतात, सहा वॉटच्या यंत्राला त्रेपन्न. मला हाच फरक हवा होता आणि तोच कुठल्याही डब्यावर नव्हता.

छापलेला असतो तो अॅडॉप्टरचा आकडा. तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो. यंत्र प्रत्यक्षात किती घेतं ते नाही. फ्रिजवर २००६पासून ताऱ्यांचं लेबल दिसू लागलं, वर्षाचे युनिटही त्यावर असतात. मी पाहिलेल्या सात डब्यांपैकी एकावरही तसं काही नव्हतं. याचा मला खरंच राग येतो. कारण गाणं पाठवायला ताकद लागतच नाही. फाइल उचलून द्यायची, सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास. तीनशे सीडी फ्लॅकमध्ये सव्वाशे जीबीच्या आत बसतात. फिरती हार्ड डिस्कही नको, कारण मोठी डिस्क नुसती फिरत राहिली तरी पाच-सहा वॉट घेते.

शेवटी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेतला, २५६ जीबीची एसएसडी लावली, त्यावर नॅव्हिड्रोम हे गाणी पाठवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. अॅडॉप्टरवर पंधरा वॉट लिहिलेले. वीज मोजायचा प्लग मी वेगळे पैसे देऊन आणला आणि रात्रभर लावून ठेवला: पाच.

तो आकडा चिकटपट्टीवर पेनानं लिहून डब्यावर लावलाय. खाली तारीखही घातली आहे.