जे आधी होईल ते

गाडीवर प्रेम करणारी माणसं आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत. गाडीच्या वॉरंटीवर प्रेम करणारा माणूस मात्र एकच, आणि त्यांना पहिलीतल्या पोरापासून वॉचमनपर्यंत सगळे वॉरंटीकाका म्हणतात. काका पाटबंधारे खात्यातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. खातं सुटलं, पण हिशेब तपासायची हौस काही सुटली नाही. पाणीपट्टीच्या नोंदी नाहीत तर नाहीत, वॉरंटीची पुस्तिका तर आहे!

नवी गाडी घेतली की लोक सनरूफ दाखवतात, मायलेज फुगवून सांगतात. काकांना कुणी विचारलं, "कशी आहे गाडी?" तर उत्तर यायचं, "15 ऑक्टोबर 2021 ते 14 ऑक्टोबर 2024, किंवा एक लाख किलोमीटर. जे आधी होईल ते." विचारणारा रंगाबद्दल काहीतरी पुटपुटून लिफ्टकडे वळायचा.

ही 15 ऑक्टोबर सहजासहजी मिळालेली नाही. ते वर्ष चिपच्या टंचाईचं. बुकिंग करून लोक महिनोन्‌महिने वाट पाहत होते. काकांची गाडी सप्टेंबरच्या अखेरीस आली आणि 30 तारखेला शोरूममधल्या मुलाचा फोन आला. "काका, आज बिल करून टाकू का? गाडी तुम्ही दसऱ्यालाच न्या. फक्त कागद."

"पितृपक्षात बिल?" काका असे ओरडले की पोरगं एकदम पडतं घेऊन म्हणालं, "नाही नाही, सॉरी काका."

आता खरं सांगायचं तर काका पितृपक्ष वगैरे फारसा मानत नाहीत. त्या पंधरवड्यात त्यांनी फ्रीजही घेतलेला आहे. पण तिमाही संपत आली की शोरूमला टार्गेट गाठायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि 30 सप्टेंबरला बिल फाडून सिस्टिममध्ये गाडी विकल्याची नोंद चढली, की वॉरंटीचं घड्याळ तिथूनच चालू पडण्याची भीती. गाडी उभी त्यांच्या यार्डात आणि दिवस जाणार काकांचे! पुस्तिकेत भले 'पहिल्या ग्राहकाला ताबा दिल्याच्या तारखेपासून' असं छापलेलं असो, नंतर वर्कशॉपमधला माणूस बघणार कॉम्प्युटरकडेच. हे सगळं शोरूमला समजावण्यापेक्षा पितर पुढे करणं सोपं. दसऱ्याला ताबा घेताना पेढा तोंडात टाकण्याआधी काकांनी काउंटरवरच्या मुलीला स्क्रीन आपल्याकडे वळवायला लावला, वॉरंटी सुरू झाल्याची तारीख वाचली, आणि मग पेढा खाल्ला. बॉनेटवर स्वस्तिक काढलं गेलं, नारळ फुटला, थर्माकोलच्या भल्यामोठ्या किल्लीसोबत फोटो झाला. फोटोत काकू किल्लीकडे पाहताहेत आणि काका ओडोमीटरकडे.

कारण ओडोमीटरवर 47 होते. यार्डातून शोरूमपर्यंत, आरटीओपर्यंत गाडी चालवत नेलेली. "हे 47 माझ्या लाखातून वजा होणार?" काकांनी विचारलं. होणारच. वॉरंटीचे किलोमीटर काट्यावरून मोजतात, गाडी कुणी चालवली याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. काकांनी ही तूट वहीत 'सुरुवातीची शिल्लक (उणे)' म्हणून नोंदवली.

अशी माणसं गावोगावी असतात आणि त्यांचा खरा उपयोग दुसऱ्यांना होतो, हे कबूल करायला हवं. सोसायटीत कुणीही गाडी घ्यायची ठरवली की काका बोलावल्याशिवाय हजर. शाशी नंबरातली सतरा अक्षरं वाचून त्यातून गाडी कुठल्या महिन्यात बनली हे ते शोधून काढतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून टायर कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यातला हेही सांगतात. डिसेंबरात मोठ्या सवलतीत गाडी मिळाली म्हणून उड्या मारणाऱ्या पाटलांना त्यांनी शांतपणे समजावलं, "वॉरंटी पूर्ण तीन वर्षांची मिळेल, ती चिंता नको. गाडी बनली कधी हा झाला जन्म, वॉरंटी मोजायची लग्नापासून. पण पुढे विकायला काढाल तेव्हा समोरचा जन्मसालच विचारणार." पाटलांनी सवलत घेतली, उड्या मात्र जरा बेतानं मारल्या.

भाचा एकदा शोरूमची डेमो गाडी स्वस्तात घ्यायला निघाला. जेमतेम धावलेली, आतून नवीकोरी. काकांचा पहिला प्रश्न, "डीलरच्या नावावर पासिंग कधी झालं?" आठ महिन्यांपूर्वी. "मग तुझ्या तीन वर्षांतले आठ महिने लोकांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये गेले. ते किमतीतून काप म्हणावं." भाच्याने सांगितलं, त्यांनी कापले. त्या दिवाळीत भाच्याने काकांना मिठाई पाठवली आणि काकांनी डब्यावरची पॅकिंगची तारीख पाहून मगच ती वाटली.

जुलै 2024 मध्ये मारुतीने दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटरची वॉरंटी वाढवून तीन वर्षं किंवा एक लाख केली. ही बातमी घेऊन काका सर्वांत आधी दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांकडे गेले. त्यांनी मारुती जूनमध्ये घेतली होती. "महिनाभर थांबला असतात तर..." एवढंच बोलून ते चहाला थांबले. कुलकर्णीवहिनींनी चहात साखर घातली नव्हती असं ऐकतो.

वॉरंटी सुरू आणि संपायच्या तारखा काकांना पाठ, पण त्यांचा जीव खरा रमतो तो मधल्या पानांवर, 'खालील बाबींना वॉरंटी लागू नाही' या मथळ्याखाली. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर ही झिजायचीच, ती नाहीत. टायर आणि बॅटरी ज्यांनी बनवली त्यांना विचारा. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री, ऑइलचे पैसे द्यायचे. बाहेरून वायर कापून हॉर्न किंवा कॅमेरा बसवला तर त्या वायरिंगचं तुमचं तुम्ही बघा. झाडाचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा यांनी रंग गेला तर कंपनी जबाबदार नाही. हे शेवटचं वाचल्यावर काकांनी जांभळाखालचं पार्किंग सोडून उन्हातलं घेतलं. झाडाखाली आता सेक्रेटरींची गाडी असते, जांभळाच्या मोसमात ती सेक्रेटरींना ओळखू येत नाही.

उंदीरही वॉरंटीत नाहीत. वायरी कुरतडल्या तर इन्शुरन्सकडे जा म्हणतात. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात बहुतेक जण बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवतात. काकांनी त्याआधी वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला फोन करून विचारलं, की तंबाखू ही 'कंपनीने मान्यता न दिलेली अ‍ॅक्सेसरी' धरली जाईल का. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा काका दोन दिवस अस्वस्थ होते. बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, बाकीच्या गाडीला तीन वर्षं. एकाच गाडीत दोन मुदती! हे सुख त्या पोराला कळत नव्हतं. तो गाणी ऐकत गाडी चालवायचा.

एवढं सगळं करून काकांच्या गाडीचं बिघडत काहीच नव्हतं, आणि हेच त्यांचं दुखणं. दीड वर्ष झालं, पुस्तिका कोरी. शेवटी मागच्या डाव्या खिडकीचं बटण चालेनासं झालं. काकांचा त्या दिवशीचा चेहरा मी पाहिला आहे. प्रमोशनच्या दिवशी तरी असा होता का, काकूंना शंका आहे. बटण बदलून मिळालं. बिलावर रक्कम होती 0.00. ते बिल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आल्यागेल्याला दाखवलं जातं. एक बारीक सल मात्र राहिला. नव्या बटणाची वॉरंटी त्याच्या स्वतःच्या तारखेपासून नाही, गाडीची जेवढी उरली तेवढीच. "म्हणजे नव्याने जुन्याचं उरलेलं आयुष्य जगायचं," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि कुकरची शिटी मोजायला आत गेल्या.

सप्टेंबर 2024 उजाडला. काट्यावर होते 14,000 आणि काही. काकांनी कंपनीला पत्र टाकलं, की उरलेले सुमारे 86,000 किलोमीटर वापरात न आल्यामुळे त्यांचं अर्जित रजेप्रमाणे रोखीकरण व्हावं. "जे आधी होईल ते" एवढ्या एका ओळीचं उत्तर आलं. मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता, त्यामुळे दसरा ते दसरा पंचांगाचे 37 महिने भरतात. हा मुद्दा मात्र त्यांनी स्वतःच मागे घेतला. दसरा आला होता 12 ऑक्टोबरला, म्हणजे तिथीने वॉरंटी तीन दिवस आधीच सरत होती. नातवंडांचे वाढदिवस तिथीने करणारा हा माणूस त्या वर्षी तारखेचा कट्टर पुरस्कर्ता झाला.

दसऱ्याला शनिवारी वर्कशॉप बंद, रविवारी बंद. सोमवारी, 14 तारखेला, शटर वर जायच्या आधी काका दारात. हातात तक्रारींची यादी, ठळक अक्षरात पहिली: चाळीसच्या वेगाला डॅशबोर्डमधून टकटक. "जॉबकार्डवर लिहून घ्या," काका म्हणाले, "आजची तारीख घाला. नंतर पार्ट यायला महिना लागला तरी तक्रार मुदतीतली ठरली पाहिजे." हा मुद्दा अगदी बिनतोड होता आणि तरुण अ‍ॅडव्हायझरने तो मुकाट्याने लिहिला. मेकॅनिकला शेजारी बसवून काकांनी गाडी चाळीसने नेली, पन्नासने नेली, स्पीडब्रेकरवरून मुद्दाम आपटली. टकटक आली नाही. वर्कशॉपमध्ये ती कुणाच्याच गाडीत येत नाही. सगळी तपासणी झाली आणि दुपारी मुलगा कौतुकाने म्हणाला, "काका, गाडी एकदम ओके आहे. काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

काका खुर्चीत बसले. पोराने पाणी आणून दिलं. दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी काकांनी मूळ मुदत चालू असतानाच, गाडीचं वय वाढून हप्त्याचा टप्पा चढायच्या आत, घेऊन ठेवली होती. तिचा कागद त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि चष्मा वर केला.

"ही उद्या पंधराला सुरू होते."

"हो काका."

"जुनी आज संपते."

"हो."

"मग आज रात्री बारा वाजता, बरोब्बर बाराच्या ठोक्याला इंजिन बंद पडलं, तर ते कुठल्या वॉरंटीत?"

पोराने स्क्रीनकडे पाहिलं, मॅनेजरच्या रिकाम्या केबिनकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काका," तो म्हणाला, "आज रात्री बाराला गाडी काढू नका."