चालू आहे

माणला, हिंजवडीच्या फेज थ्रीत, माझं काम सुखाचं होतं. दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवायची. सी भाषेतला एक म्हातारा प्रोग्रॅम रात्रभर हिशेब करायचा. मी पायथनमधून त्याला सोडायचं आणि दर दहा मिनिटांनी त्याची खुशाली ग्रुपवर कळवायची. सबप्रोसेसचं पीओपन घेतलं, नाडी बघायला पोल. पोलने ‘नन’ म्हटलं की बाबा जिवंत, शून्य म्हटलं की काम सुखरूप आटोपलं, आणि उणे नऊ आलं तर कुणीतरी गळा दाबला.

चाचणीत सगळं सुरळीत. चाचणीचा डेटा मूठभर होता, हे मला तेव्हा खटकलं नाही.

मग खरी रात्र आली. अकरा ते सात, ‘चालू आहे, सर्व ठीक’ असे अठ्ठेचाळीस निरोप ग्रुपवर पडले. साडेतीनच्या निरोपाला तर मीच अंगठा दिला. बाकी कुणी जागं नव्हतं.

सकाळी टीम लीडने निकाल मागितला. फाइल अर्धवट, आणि तिच्यावर शेवटची वेळ ११:०४. टॉप उघडून पाहिलं. प्रोग्रॅम होता, सीपीयू ०.०. म्हणजे पहिला निरोप सोडला तर बाकीचे सत्तेचाळीस मी एका झोपलेल्याच्या वतीने पाठवले होते.

झालं होतं असं, की त्याची बडबड मी पाइपात घेतली आणि ऐकलीच नाही. लिनक्सच्या पाइपात साधारण ६५,५३६ बाइट मावतात. इकडून कुणी उपसलं नाही की मोरी तुंबते, आणि लिहिणारा अर्धं वाक्य तोंडात धरून उभा राहतो. मरत नाही, म्हणून पोल आपला ‘नन’च सांगतो. पायथनच्या कागदपत्रांत ‘वेट’च्या खालीच हा इशारा दिलाय, पाइप असेल तर ‘कम्युनिकेट’ वापरा म्हणून. मी त्या पानावरून फक्त उदाहरण उचललं होतं. पाइप उपसल्यावर कळलं, बिचारा एकच गोष्ट हजारदा सांगत होता: एक रकाना रिकामा आहे.

सगळं पुन्हा चालवून संध्याकाळी सहाला सुटलो. शिवाजी चौकाच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबांखाली, आईचा फोन.

“कुठे आहेस?”

“वाटेत.”

वीस मिनिटांनी पुन्हा.

“वाटेत आहे गं.”

“ते मघाशीच कळलं. गाडी हलतेय का?”

मी काचेतून बघितलं. खांबाचा नंबर मघाचाच होता.