खाज एकीला, बोट दुसऱ्याकडं

नांदेडच्या सिडकोत घरं एकमेकांना इतकी लागून आहेत की शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून आपला गॅस बंद करावा. मधली कंपाउंडची भिंत छातीएवढी. पुरुषांच्या लेखी ती हद्द, आमच्या लेखी कोपर टेकायची जागा. परवा त्या भिंतीवर जो विषय निघाला, तो खरं तर बंद दाराआड बोलायचा. पण अक्कांकडं बंद दार नाहीच.

अक्का मूळच्या लातूरच्या. इकडं येऊन जमाना झाला, तरी बोली तीच आणि आवाजही तोच, चार घरं ओलांडणारा. त्या दिवशी मात्र त्यांनी आवाज खाली घेतला, म्हणजे दोनच घरं ओलांडली.

"तुमाला मनून सांगते. कुणाला बोलू नका."

भिंतीशी आम्ही चौघी होतो. अक्का, मी, कंधार तालुक्यात जन्म घालवून निवृत्त झालेल्या सिस्टरकाकू आणि पलीकडच्या घरातली सून, जी दोरीवर कपडे टाकायच्या निमित्तानं उभी होती.

"माझ्या नणंदेची लेक. मे महिन्यात उदगीरला दिली. दोन महिने झाले नाईत, तर पोरीला खालच्या अंगाला खाज. रातभर झोप नाई मनायली. पांढरं दह्यावाणी जायलंय, लघवीला गेलं की आग. सासू मनायली, ही माहेराहूनच घेऊन आली. आन माझी नणंद मनायली, जावई चार साल पुण्याला एकटा राहत होता, त्यानंच कुठून तरी आणलंय. दोन्हीकून फोन चालू हाईत."

"आणि पोरगी काय म्हणते?" मी विचारलं.

"तिला कोण इचारतंय!"

सिस्टरकाकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "वास येतो का?"

"कशाचा?"

"त्या जाण्याला हो. मासळीसारखा वास?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. असले प्रश्न आपण विचारायचे नसतात, फक्त निष्कर्ष काढायचे असतात, असा त्यांचा शिरस्ता. "वास-बिस नाई मनली. नुसती खाज."

"त्याआधी काही दुखणं? गोळ्या?"

इथं अक्कांनी आठवून आठवून सांगितलं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी पोरीला सारखी लघवीला लागायची, जळजळ व्हायची. गल्लीतल्या डॉक्टरनं भारीतल्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, जळजळ थांबली आणि मग ही खाज सुरू झाली.

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मग जावयाला कशाला फासावर चढवायलाव? त्या गोळ्यांनीच केलं असेल."

त्यांनी सांगितलं ते असं. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात आणि योनीत मुळातच थोडीफार असते. ती गुपचूप राहणाऱ्या भाडेकरूसारखी. तिथले चांगले जंतू आम्ल तयार करतात, जागा राखून असतात, म्हणून ती हातपाय पसरत नाही. अँटिबायोटिक घेतलं की लघवीतले वाईट जंतू मरतात, पण त्यांच्याबरोबर हे राखणदारही मरतात. मग भाडेकरू सगळं घर बळकावतो. गर्भारपणात असंच होतं, शुगर वाढली की होतं, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तरी होतं. लग्न न झालेल्या पोरींनाही होतं.

"शंभरात पंचाहत्तर बायकांना आयुष्यात एकदा तरी होतंच," काकू म्हणाल्या.

आम्ही चौघी. म्हणजे हिशेबानं तिघी. कुणी वर बघेना. सुनेनं एकच टॉवेल तिसऱ्यांदा झटकला.

"पर लगीन झाल्यावरच कसं झालं मग?" अक्का सहजी सोडणाऱ्या नव्हेत. आणि प्रश्न खोटा नव्हता. काकूंनी तो मानला. शरीरसंबंध सुरू झाले की हा त्रास जास्त दिसू लागतो. घासलं जातं, आतला समतोल हलतो, नव्या नवरीला लघवीचा संसर्गही त्याच दिवसांत होतो. पण म्हणून हा बाहेरख्यालीपणातून आलेला रोग ठरत नाही. गुप्तरोगांच्या पंगतीत डॉक्टर याला बसवत नाहीत. नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषधही देत नाहीत. त्याच्या इंद्रियाच्या टोकाला लाली, पुरळ, खाज आली तर मात्र त्यालाही मलम लागतं.

इंद्रिय हा शब्द सिडकोच्या भिंतीवर पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. अक्का इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "मग तवर त्यांनी... मंजी... येगळं झोपायचं का?"

"वेगळं झोपा नाहीतर एकत्र झोपा. बंदी कुणाची नाही. पण आत सुजलंय, चिरा पडल्यात, तिथं संबंध ठेवला तर आग वाढणार आणि बरं व्हायला वेळ लागणार. औषध संपेपर्यंत आठवडाभर थांबलं तर काय बिघडतं? आणि निरोध वापरत असतील तर आणखी एक. या त्रासावरची काही मलमं आणि आत ठेवायच्या गोळ्या तेलकट असतात. त्यांनी निरोधाचं रबर कच्चं होतं, फाटतं. मग खाज जायची आणि पाळणा हलायचा."

सुनेला हसू आवरलं नाही. आतापर्यंत ती कपडे वाळत घालत होती. आता उघड उघड भिंतीला येऊन टेकली.

पण काकू कुणाला फार वेळ हसू देत नाहीत. नुसतं फोनवर ऐकून हे बुरशीचंच असं छातीठोक सांगू नका, म्हणाल्या. पांढरं जाणं सगळ्यांना थोडं असतंच, पाळीच्या मधल्या दिवसांत जास्त. त्यात काही हाडं झिजत नाहीत. दह्यासारखं घट्ट आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. पातळ, राखाडी आणि मासळीचा वास असेल तर जंतूंचा बिघाड. फेसाळ, हिरवट-पिवळं असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो, आणि तो मात्र संबंधातून येतो, तिथं नवरा-बायको दोघांनी औषध घ्यावंच लागतं.

"बघा! मी तेच मनायले!" अक्कांचा चेहरा उजळला.

"तपासल्यावर म्हणा. आधी नाही."

सरकारी दवाखान्यात यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, हे अक्कांनाच काय, मलाही माहीत नव्हतं. तिथं रंगांवरून पाकिटं ठरलेली. पांढऱ्या जाण्यासाठी दोन नंबरचं हिरवं: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, म्हणजे जंतू आणि बुरशी दोन्हींवर, फुकट. काकूंनी ही पाकिटं वाटलेली. पण गरोदर बाईला फ्लुकोनाझोल तोंडातून देत नाहीत, म्हणून पाळीची तारीख विचारल्याशिवाय गोळी हातात ठेवायची नाही. नव्या नवरीला तर नाहीच नाही.

अडचण औषधाची नाही, दारावरच्या पाटीची. 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेल्या दारातून कोणती बाई आत जाईल? परभणी-नांदेड रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं की तो शब्द वाचतच आपण मोठ्या झालो. त्यापेक्षा मेडिकलवाल्याकडून मलम आणलेलं बरं वाटतं.

१९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधली पाहणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "गडचिरोलीला कशाला जाता? कंधारला माझ्यासमोर बाई बसायची, कंबर दुखते म्हणायची, डोकं दुखते म्हणायची. दाराच्या बाहेर गेल्यावर परत यायची. 'सिस्टर, आणखी एक सांगायचं होतं.' खरं दुखणं ते."

तेवढ्यात सून बोलली. इतका वेळ ऐकणारी ही मुलगी एकदम म्हणाली, "माझ्या आईची पिशवी काढली. पांढरं जातंय म्हणून."

आई ऊसतोडीला जायची. सहा महिने फडावर, पालात. पाणी प्यायचं मोजून, आंघोळीचं तर विचारूच नका, पाळीची कापडं ओली-सुकी तशीच. खाज आणि पाणी जाणं सुरू झालं. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी सडली, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन केलं. वय बत्तीस.

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. अक्कासुद्धा.

बीड जिल्ह्यातलं हे प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा सरकारी समितीनं केलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. मग जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेतल्याशिवाय खाजगीत पिशवी काढायची नाही, असा नियम आला. फड सोडला की खाडा भरायचा, मजुरी बुडायची, म्हणून पाळीच नको असं म्हणणाऱ्या बायकाही त्यात होत्या. पण नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी पोट फाडणं? बुरशी योनीत असते. गर्भाशय काढून ती जात नाही. "आईची खाज गेली का मग?" काकूंनी विचारलं. सून म्हणाली, "कशाची जाते."

काकूंच्या डोळ्यांत राग आला की भलत्याच बारीकसारीक सूचना देऊ लागतात. तशा त्या देऊ लागल्या. आत साबण घालायचा नाही. डेटॉल तर अजिबात नाही. टीव्हीवर दाखवतात ती सुगंधी बाटली नको. बाहेरून साधं पाणी, बस. दही खायचं असेल तर खा, आत लावू नका. आणि तिथं समोर दोरीवर बोट दाखवून, "हे काय?"

दोरीवर परकर होता. परकराखाली लपवलेले आतले कपडे. वरून आषाढाचं आभाळ. ते तसे दोन दिवस ओलेच राहणार आणि तसेच अंगावर चढणार.

"सासरे असतात अंगणात," सून म्हणाली.

"असू दे. त्यांच्या बनियनी नाहीत का झेंड्यासारख्या फडकायल्या?"

पाण्यावरून अक्कांना लातूर आठवलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात त्या लातूरला बहिणीकडं होत्या. "घागरीचं माप हाय तिथं कुणी आधी काय धुवावं? भांडे, लेकरं, मग उरलं तर बाई." पाणी टंचाईच्या बातम्यांत टँकर मोजतात. हे असलं कुणी लिहीत नाही.

आता विषय संपला असं वाटत होतं. पण काकूंनी सहज विचारलं, "तुमच्या मालकांची शुगर कशी आहे अक्का?"

"नवी गोळी दिली की डॉक्टरनं. दीड महिना झाला. चांगली हाय, लघवीवाटं साखर बाहेर टाकते."

"डॅपाग्लिफ्लोझिन?"

"तसंच कायतरी डापा डापा. पर..." आणि अक्का थांबल्या. त्या कधीच थांबत नाहीत.

मग हळूहळू निघालं. मालकांना महिनाभर खाज आहे. पुढच्या बाजूला. लाजेनं सांगत नाहीत, मेडिकलमधून तीन औषधं एकात असलेलं मलम आणून लावतात. काकूंनी कपाळावर हात मारला. लघवीतून साखर जाते म्हटल्यावर बुरशीची चंगळच. या गोळ्यांनी बायकांना होतं, पुरुषांनाही होतं. गोळी चांगली आहे, आपल्या मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरला सांगायचं, लघवीनंतर जागा पाण्यानं धुवून कोरडी करायची. आणि ते तिरंगी मलम आजच फेकायचं. त्यात तगडं स्टिरॉइड असतं, खाज दोन दिवस दबते आणि मग दुप्पट पसरते. गजकर्णाचंही या मलमांनी देशभर असंच वाटोळं केलंय, औषधाला दाद देईना झालंय.

एकसष्ट वर्षांचे अक्कांचे मालक. सकाळी मारुतीला जातात, संध्याकाळी कट्ट्यावर. पुण्यात चार दिवस राहिल्याचंही ऐकिवात नाही.

"मी पोरीला फोन करते," अक्का घाईनं म्हणाल्या. नणंदेला लावत होत्या, काकूंनी अडवलं, "पोरीलाच लाव." स्पीकर लावायची गरज नव्हती, तरी लागला.

पोरगी मजेत होती. सोमवारी दोघं नवरा-बायको उदगीरला सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. बाईडॉक्टरनं तपासलं, पाळीची तारीख विचारली, आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, रात्री एक. तीन रात्रींतच खाज उतरली.

"मग सांगितलं कामून नाईस आईला?"

"आईला सांगितलं की तुम्हाला कळतं मामी," पोरगी म्हणाली. पलीकडून जावयाच्या हसण्याचा आवाज आला. मग तिनं काळजीनं विचारलं, "पण मामाची खाज कशी आहे आता? आईला फोनवर म्हणाले होते ते. आई म्हणायली, या वयात मामानं कुठून आणलं असंल कुणास ठाऊक."

अक्कांनी फोन बंद केला नाही, सिस्टरकाकूंच्या हातात दिला. "तुमीच सांगा तिच्या मायला, डापा का काय ते."