वहिवाटदार

लेकीनं मंगळवारच्या चालण्याच्या गटात माझं नाव घातलं ते माझ्या गुडघ्यांसाठी. "सौम्य चाल आहे बाबा. सगळे निवृत्तच असतात. पाचच मैल." ती लंडनच्या वायव्येला, चिल्टर्नच्या टेकड्यांत राहते. तिच्याकडे आम्ही उभयता एप्रिलपासून सहा महिने मुक्कामाला होतो. मी साताऱ्याकडच्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. उभ्या नोकरीत पाच मैल मी फक्त जीपमधून पाहिले होते.

चर्चच्या फाटकाशी तो उभा होता. सत्तरी ओलांडलेला, ताडमाड, गारठ्यातही अर्धी चड्डी. गळ्यात पारदर्शक पिशवी आणि पिशवीत नकाशा. आपल्याकडे एवढे कागद जिवाशी धरून माणूस हिंडतो तो फक्त कोर्टाच्या आवारात. मी पुढं होताना माझा बूट त्याच्या बुटावर पडला, तर सॉरी तोच म्हणाला. मग मला नुसत्या नावानं हाक मारली. त्या नावानं मला हाक मारणारी गावाकडची सगळी माणसं आता वर गेली आहेत.

तो आमच्या चालीचा म्होरक्या. असा म्होरक्या नसलेलं तिथलं एकही गाव नाही, असं लेकीची शेजारीण म्हणाली. तो येणारा रस्ता आधी एकट्यानं दोनदा चालून बघतो. त्याच्या खिशात झाडं छाटायची कात्री असते, वाटेवर आलेली काटेरी फांदी कापायला. प्रत्येक कुंपणापाशी तो माणसं मोजतो. पहिल्या दिवशी आम्ही चौदा होतो आणि त्याची मोजदाद दर वेळी तेराच भरे, कारण स्वतःला मोजायचं त्याच्या ध्यानातच येत नसे.

त्याच्या भाषेचा कोश निराळा. पाऊस धो धो कोसळत असला की "जरासं ओलसर आहे". घोट्यापर्यंत रुतलो की "जमीन किंचित मऊ आहे". जिथं माझा श्वास भात्यासारखा वाजू लागे, त्या चढाला तो "थोडं उंचसखल" म्हणे. आणि "आलोच आता" याचा अर्थ अजून दोन मैल. त्याचा हिशोब मात्र चोख. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये घालून दिलेला नियम त्याला तोंडपाठ होता: तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक. त्या नियमात आमच्या हिच्या फोटो काढण्याचं कलम नव्हतं. बीचच्या रानात झाडांखाली ब्लूबेलचा निळा गालिचा लागला, तेव्हा तिनं नेस्मिथला वीस मिनिटांनी हरवलं.

रानाबाहेर पडलो आणि सगळी मंडळी एकदम थबकली. दुर्बिणी निघाल्या. मला वाटलं, गरुडबिरुड असेल. बघतो तर घार! आमच्या मटणाच्या दुकानावर घिरट्या घालतात त्यांची तांबूस, दुभंगल्या शेपटीची चुलतबहीण. म्होरक्यानं हळू आवाजात सांगितलं, इंग्लंडातून ही जात नाहीशी झाली होती. १९८९ ते १९९४ च्या दरम्यान स्पेनमधून पिल्लं आणून इथं सोडली. पोरांच्या हातातली भजी पळवते म्हणून आम्ही घारीला हाकलतो आणि हे तिला परदेशातून बोलावून घेतात. मी गप्प राहिलो. पाहुण्यानं पाहुण्याबद्दल वाईट बोलू नये.

मग कुंपण. तीस यार्ड अंतर पावलांनी मोजून त्यानं झाडं मोजली: हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, मेपल, एल्डर. "पाच जाती. म्हणजे अंदाजे पाचशे वर्षं." हूपर नावाच्या संशोधकाचा हा ठोकताळा: जातीगणिक एक शतक. मी म्हटलं, आमच्याकडे बांधाचं वय भाऊबंदकीवरून काढतात. बांधावरून जितक्या पिढ्या भांडल्या तितका तो जुना.

त्या वाक्यावर तो चालायचा थांबला आणि आमची खरी ओळख झाली.

त्यानं नकाशा उघडला. ऑर्डनन्स सर्व्हेचा, नारिंगी मुखपृष्ठाचा. हिरव्या तुटक रेघांवर बोट ठेवून सांगितलं: या पायवाटा. जमीन कुणाचीही असो, चालायचा हक्क सगळ्यांचा. १९४९ च्या कायद्यानं अशा वाटांचे अधिकृत नकाशे करणं तिथल्या काउंटी कौन्सिलांवर बंधनकारक झालं. लोक वीस वर्षं बेधडक, विना अडथळा, विना परवानगी चालत आले, तर कायदा ती वाट सार्वजनिक मानू शकतो.

"वहिवाट!" मी ओरडलोच.

परक्या मुलखात माझ्या खात्याचा शब्द असा चिखलात उभा राहून भेटेल, असं वाटलं नव्हतं. मी त्याला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा समजावला. वाट अडवली की सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा, मग जबाब, मग पंचनामा. कायदा इंग्रजांच्या अमदानीतला ऐकून तो गहिवरला आणि साहजिकच सॉरी म्हणाला. शब्द त्यानं पाठ केला, "व्हायवॉट". उरलेले तीन मैल आम्ही दोघं पुढं आणि नेस्मिथ मागं.

पुढच्या शेतात मध्यभागी वळू बसला होता. म्होरक्यानं धीर दिला: वाटेच्या शेतात दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू सोडायला कायद्यानं मनाई आहे, हा दुसऱ्या जातीचा आहे आणि सोबत गाई आहेत, त्यामुळे चालतो. मी विचारलं, "हे वळूनं वाचलंय का?" तो हसला, पण हळूच माझ्या डाव्या अंगाला सरकला. उजव्या अंगाला वळू होता.

खरा प्रसंग गव्हाच्या रानात घडला. हिरवी रेघ शेताच्या मधोमध जात होती आणि शेतात गहू गुडघ्याला आलेला, वाटेचा मागमूस नाही. नांगरणीनंतर चौदा दिवसांत निदान मीटरभर रुंदीची वाट पुन्हा करून देणं हे शेतकऱ्याचं काम; ते इथं झालं नव्हतं. मी आपला सवयीनं कडेकडेनं निघालो. मागून आवाज आला. त्या माणसाचा वरचा आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

"तिकडून नको! कडेनं जायचा आपल्याला हक्क नाही."

"पण हे उभं पीक आहे."

"वाट इथं आहे."

मी कुणब्याच्या पोटचा. उभ्या पिकात पाय घातला म्हणून लहानपणी वडिलांनी मला याहून मोठ्या गुन्ह्यांपेक्षा जास्त फटके दिले होते. आणि हा माणूस, बूट तुडवला तरी माफी मागणारा, परक्याच्या गव्हात नाकासमोर शिरला! मागून बारा म्हातारे एकेरी रांगेत. कुणी काठी टेकत, कुणी छातीवर सँडविचचा डबा धरून. त्याच्या ओठांची हालचाल दिसली म्हणून मी कान दिला. गव्हाला सॉरी म्हणत होता. पण रेघ सोडली नाही.

पलीकडे पोचल्यावर त्यानं थर्मासमधला चहा मला दिला आणि किंडर स्काउटची गोष्ट सांगितली. २४ एप्रिल १९३२. डार्बीशरमधली ती माळरानं शिकारीसाठी राखलेली. मँचेस्टर, शेफील्डकडचे कामगार सुटीच्या दिवशी मुद्दाम त्यांत घुसले, चालण्यासाठी. पाच जणांना तुरुंगवास झाला. "फक्त चालण्यासाठी?" मी विचारलं. मारामारीची कलमंही लावली होती, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि कप पुसून ठेवत म्हणाला, "वाट कागदावर राहत नाही. पायांनी राहते."

माझी सगळी नोकरी कागदावर गेली होती. वाटांच्या किती फायली मी तारखांवर तारखा देऊन जाड केल्या; त्यांतली एक वाट कधी चाललो नव्हतो. चहा एकदम कडू लागला. खरं तर त्यात साखरच नव्हती.

ऑक्टोबरात गावी आलो. आमच्या विहिरीकडं जाणारी आजोबांच्या वेळची वाट चुलतभावानं त्या हंगामात नांगरून शाळू पेरला होता. वीतभर वर आलेला. पुतण्या म्हणाला, "काका, तहसीलला अर्ज टाकू. तुमच्या ओळखी आहेत." मी चपला काढून हातात घेतल्या, वाटेच्या खुणेच्या जुन्या आंब्याचा अंदाज धरला आणि नाकासमोर शिरलो.

बांधावरून चुलतभावाची हाळी आली, "अण्णा, डोकं फिरलं का? कडंनं जा की!"

"कडेनं जायचा मला हक्क नाही," मी म्हणालो, आणि पायाखालच्या शाळूला सॉरी म्हणत विहिरीपर्यंत गेलो.

आता दर मंगळवारी जातो. चुलतभाऊ अजून ओरडतो, पण गेल्या खेपेला पेरताना त्यानं हातभर पट्टा सोडला होता. मीटरभर व्हायला अजून दोन हंगाम लागतील.