डू ॲज डायरेक्टेड

मराठी हायस्कूल कोकणातलं असो की मराठवाड्यातलं, तिथे इंग्रजीचे एक सर असतात आणि ते सगळीकडे सारखेच असतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळ्या पेनाची रिफिल वर्षभर पुरते, लालची महिन्याला दोन लागतात. गणिताच्या सरांना गाव आडनावाने ओळखतं, यांना मात्र 'इंग्रजीचे सर' एवढंच. टपरीवरचा चहावाला सुट्टे परत देताना सवयीने 'थँक्यू' म्हणून जातो आणि मग घाबरून सरांच्या तोंडाकडे बघतो.

सर इंग्रजी शिकवतात मराठीतून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या गुरूंचे ते शिष्य. त्यांच्या लेखी इंग्रजी ही बोलण्याची भाषा नसून चालवण्याची संस्था आहे. "नो सूनर आला की पाठोपाठ डिड आला पाहिजे आणि थोडं अंतर ठेवून दॅन. नवरदेवामागे करवली येते तसा. मध्येच व्हेन घुसला तर तो आगंतुक. हाकला त्याला!" आम्ही हाकलायचो. बोर्डाच्या परीक्षेत 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असे, म्हणजे सांगितलंय तसं करा. टू काढून सो-दॅट घाला, इफ-नॉट काढून अनलेस बसवा, होकारी वाक्य नकारी करा पण अर्थ बदलू देऊ नका. सरांचं उभं आयुष्य या एका प्रश्नात मावतं.

पॅसिव्ह व्हॉइसवर तर त्यांचा विशेष जीव. "राम आंबा खातो. आता आंब्याला धरून पुढे आणा. रामाला 'बाय' लावून मागच्या बाकावर बसवा." खाणारा राम, खाल्लेला आंबा, नुसती बसायची जागा बदलली, यातून काय साधलं हे तेव्हा कळलं नव्हतं. पुढे कचेऱ्यांची पत्रं यायला लागली तेव्हा कळलं. 'आपला अर्ज फेटाळण्यात आला आहे.' फेटाळणारा 'बाय'सकट गायब!

क्वेश्चन टॅगला सर 'शेपटी' म्हणतात. वाक्य होकारी तर शेपटी नकारी, वाक्य नकारी तर शेपटी होकारी. "आपल्याकडे बघा, एक 'ना' सगळ्यांना पुरतो. येतोस ना, गेली ना, नव्हते ना. इंग्रजाला प्रत्येक वाक्याला वेगळी शेपटी शिवून लागते." एकदा कोणीतरी विचारलं, 'आय ॲम लेट'ची शेपटी 'आरन्ट आय' कशी? ॲम होता, आर कुठून आला? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राज्य त्यांचं होतं."

पण सरांचं खरं दैवत विरामचिन्हं. मोडीत ओळभर अक्षरं सलग चालायची, शब्दसुद्धा वेगळे तोडायचे नाहीत, हे सांगताना त्यांना प्रत्यक्ष धाप लागते. मराठीला इंग्रजीच्या धर्तीवरची विरामचिन्हं लावण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडीला दिलं जातं. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशाला हातभार लावणारा हाच तो कँडी. सर त्याचं नाव कुलदैवतासारखं घेतात. वर्गात वाचताना स्वल्पविरामाला छडी टेबलावर एकदा वाजते, अर्धविरामाला दोनदा, आणि पूर्णविरामाला छडी खाली ठेवली जाते. सगळ्या वर्गाचं लक्ष पूर्णविरामाकडे.

अपॉस्ट्रॉफी हा त्यांच्या मते हवेतला स्वल्पविराम, बाळाच्या गालावरच्या तिटेएवढा. दोन 'इट्स'चा घोळ मात्र त्यांना झोपू देत नाही. मराठीत लिहिले तर ही जुळी भावंडं. इंग्रजीत एकाला तीट आहे, दुसऱ्याला नाही. "'इट इज'मधला आय गळाला, त्याच्या जागी तीट. मालकी दाखवणाऱ्या इट्सला तीट लावायची नाही. हिजला लावता का? अवर्सला लावता का? मग याच बिचाऱ्याला का?" बाजारपेठेतून जाताना 'मेन्स वेअर'च्या पाटीखाली ते थबकतात. मेन हेच अनेकवचन, तेव्हा तीट मेननंतर आणि एसच्या आधी. पाटीवर ती एसच्या नंतर आहे. पंधरा वर्षं आहे. सरांनी त्या दुकानातून आजवर बनियनसुद्धा घेतलेलं नाही.

त्यांच्या पाकिटात घडी घालून ठेवलेलं एक कात्रण आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या दूधगाडीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी खटला भरला. ओव्हरटाइम कोणत्या कामांना नाही त्याची कायद्यात यादी होती, आणि यादीच्या शेवटी 'पाठवण्यासाठी माल बांधणे किंवा वाटणे' अशा अर्थाचे शब्द होते. 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. म्हणजे वाटणं हे वेगळं काम, की 'वाटण्यासाठी बांधणे'? ड्रायव्हर माल वाटत होते, बांधत नव्हते. २०१७मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. सर हे कात्रण आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही दाखवून आले. तो म्हणाला, "सर, मागचं बिल राहिलंय तेवढं बघा."

टेबलावर रेन आणि मार्टिन. पुस्तकाला ब्राऊन पेपरचं कव्हर, कव्हरावर पुन्हा प्लॅस्टिकचं. यातला पी. सी. रेन हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, एवढं सरांना ठाऊक होतं. याच रेनने १९२४मध्ये 'बो जेस्ट' नावाची, फ्रेंच फॉरेन लीजनची धाडसी कादंबरी लिहिली, हे मीच त्यांना सांगितलं. त्यात वाळवंटातल्या किल्ल्याच्या तटावर मेलेले शिपाई बंदुका देऊन उभे करतात, शत्रूला वाटावं अजून फौज आहे. सर बराच वेळ गप्प होते. आपला व्याकरणकार असले उद्योग करायचा हे पचायला जड गेलं असावं. मग त्यांचा चेहरा उजळला. "उभे करतात? म्हणजे ते उभे *केले गेले*. पॅसिव्हच की रे!"

एवढं असून सर इंग्रजी बोलत नाहीत. एकदा स्टँडवर एका गोऱ्या पाहुण्याने त्यांनाच गाठून किल्ल्याची वाट विचारली. प्रथमपुरुषी साधा भविष्यकाळ, म्हणून शॅल, पण इथे तर निश्चय आहे, म्हणजे विल, अशी सरांची मनातल्या मनात जुळवाजुळव चालू असताना शेजारचा रिक्षावाला हात लांब करून म्हणाला, "गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट, आस्क अगेन." पाहुणा हसत गेला. सरांच्या जागी दुसरा कोणी ओशाळला असता. सर रिक्षावाल्याला म्हणाले, "तिन्ही आज्ञार्थी. कर्ता अध्याहृत. एकही चूक नाही." आणि पोटतिडकीने विचारलं, "शाळा कुठली तुमची?"

निवृत्तीनंतर हे सर व्हॉट्सॲपवर आले. वाढदिवसाच्या शुभेच्छांना उत्तर येतं, 'संबोधनाआधी स्वल्पविराम.' परवा ग्रुपवर कोणीतरी गेल्याची बातमी आली आणि खाली 'मे हिज सोल रेस्ट्स इन पीस'ची रांग लागली. मे नंतर मूळ क्रियापद येतं, एस लागत नाही, हे सरांनी चौदा जणांना वेगवेगळं कळवलं आणि मग स्वतः हात जोडले.

माझ्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापायची हौस माझीच. सर लग्नाला आले, पहिल्या पंगतीला जेवले, जाताना पाकीट हातात देऊन गेले. रात्री उघडलं तर आत १०१ रुपये आणि माझीच पत्रिका. 'रिक्वेस्ट्स'मधल्या एसवर लाल गोल: 'कर्ते दोन, क्रियापद एकट्याचं.' खाली, जिथे 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' म्हणायचं होतं, तिथे छापखान्याने स्पेलिंग चुकवून प्रेझेन्सचं प्रेझेंट्स, म्हणजे भेटवस्तू केलं होतं. त्याच्याखाली दुहेरी रेघ आणि शेरा: 'वाक्यात आहेर मागितला आहे, म्हणून देत आहे. १० पैकी ६.'