ब्रॉडबँडची पुरेपूर वसुली

घरी ब्रॉडबँड घेणं सोपं. एक फोन केला की दोन मुलं शिडी घेऊन येतात, दिवाळीत रंगवलेल्या भिंतीला ड्रिलने भोक पाडतात, राउटर लावतात आणि "काका, रेटिंग पाच द्या हं" म्हणून निघून जातात. कसोटी लागते ती त्यानंतर. दरमहा जीएसटीसकट मोजलेली रक्कम पै न् पै वसूल कशी करायची, हे ती मुलं सांगत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी, टू बीएचकेतल्या गरजू कुटुंबांच्या हितार्थ, पुढील मार्गदर्शन. बंगलेवाल्यांनी आपापलं बघावं.

प्लॅन निवडताना 'आपल्याला लागतं किती' हा विचार मनात आणू नये, निराशा पदरी येते. फोर-के सिनेमाला पंधरा-वीस एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला चार-पाच. घरातल्या चौघांनी चार पडद्यांकडे तोंडं केली तरी शंभराच्या प्लॅनला धाप लागत नाही. तेव्हा समोरच्या ब्लॉकमध्ये किती आहे ते बोलता बोलता काढून घ्यावं आणि एक पायरी वरचा घ्यावा. त्यांचा दोनशे, तर आपला तीनशे. मग रोज पहाटे गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहिलेलं चित्र नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनशेच्या वेगाने जातं. ते उघडून बघणारा अजून उठलेला नसतो, पण तो त्याचा दोष.

आता वसुलीचं गणित. 'अनलिमिटेड' प्लॅनच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो. तेव्हा आपल्या हक्काचा डेटा संपवायचा तर टीव्ही रोज छत्तीस तासांहून अधिक चालू ठेवावा लागेल. दिवसाची सध्याची लांबी पाहता हे एका टीव्हीला झेपणारं नाही. म्हणून हॉलमध्ये मालिका, बेडरूममध्ये क्रिकेट आणि स्वयंपाकघरात ओट्यावर मोबाइल उभा करून पुरणपोळीचा व्हिडिओ, अशी कामाची वाटणी करावी. पुरणपोळ्या मात्र बाहेरूनच मागवाव्यात. व्हिडिओ बघताना त्या करायला वेळ मिळत नाही.

तीनशेचा प्लॅन घेऊनही फाइल उतरवताना पडद्यावर जेमतेम सदतीसचा आकडा दिसतो. जाणते लोक सांगतात, वेग बिटमध्ये विकला जातो, फाइल बाइटमध्ये मोजली जाते आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. आठाने भागा, हिशेब बरोबर येतो. अशा लोकांपासून दूर राहावं. एकदा हे पटलं की तक्रारीतला सगळा आवेश निघून जातो. घरातल्या ज्येष्ठांनी तर अशा वेळी १९९५ चा ऑगस्ट काढावा. त्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. पुढे कित्येक वर्षं मोडेम चिरकायचा आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज लागायचा. २००४ च्या सरकारी धोरणाने तर २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. हे सगळं नातवाचा गेम अडकलेला असताना सांगितल्यास अधिक परिणाम होतो.

राउटर कुठे ठेवावा, यावर घरोघरी जेवढी भांडणं होतात तेवढी वाटणीच्या वेळीही होत नसतील. तंत्रज्ञ म्हणतात, घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर. पण मध्यावर देवघर असतं, उंचावर बॅगा असतात आणि मोकळं असं घरात काही नसतंच. शिवाय त्या चार शिंगांच्या काळ्या डब्याने हॉलची शोभा जाते. म्हणून रूढ पद्धत अशी, की तो टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर, पितळी समईच्या आडोशाला ठेवावा आणि वर क्रोशाचा रुमाल घालावा. धातू लहरी परतवतो. शेजारी माशांची टाकी असेल तर उरलेल्या पाणी शोषून घेतं. मग बेडरूममध्ये नेट येत नाही म्हणून जादा वेगाचा प्लॅन घ्यावा. वसुलीच्या दृष्टीने ही पायरी चुकवू नये. दसऱ्याला गाडीबरोबर राउटरचीही पूजा अवश्य करावी; फक्त झेंडू हवेच्या फटींवर ठेवू नये आणि हळद-कुंकू कोरडंच वाहावं.

वाय-फायची दोन नावं दिसतात. एक साधं आणि एक शेवटी 'फाइव्ह-जी' जोडलेलं. या दुसऱ्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. तो पाच गिगाहर्ट्झचा पट्टा. वेग जास्त, पण दोन भिंती ओलांडताना दमतो. साधा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा, लांबवर पोचतो, पण अख्ख्या सोसायटीचे राउटर त्याच पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले असतात. मायक्रोवेव्हही जवळपास त्याच लहरींवर वरण गरम करतो. सुनेचा ऑफिसचा कॉल ऐन रंगात आला की वरण तापवावं, साहेबांचा आवाज तुटू लागतो. कित्येकदा सगळ्यांचीच सोय होते.

कनेक्शन बंद पडलं तर प्रथम 'एलओएस' लिहिलेला दिवा पाहावा. तो लाल मिचकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये: कुठेतरी रस्ता खणलाय, मंडपाचा बांबू रोवलाय किंवा उंदराला केबल आवडलीय. ग्राहक सेवेला हे सांगितलं तरी पलीकडून "सर, एकदा राउटर बंद करून चालू कराल का?" असंच येणार. नम्रपणे 'केला' म्हणावं. मग पोरगा येतो, पण जोडणीचं मशीन एकच असतं आणि ते दुसऱ्या एरियात गेलेलं असतं. संध्याकाळी ते आलं, की मात्र कामं टाकून बघायला जावं. जिन्यात उकिडवा बसून तो केबलचं काळं आवरण सोलतो, केसाएवढा काचेचा धागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, छोट्या कटरने टोक नेमकं काटकोनात तोडतो. मशीनच्या इवल्याशा पडद्यावर दोन टोकं ओंडक्यांसारखी मोठी दिसतात, आपोआप सरकत समोरासमोर येतात, मध्ये क्षणभर ठिणगी पडते आणि काच काचेत वितळून मिळते. तीनशे रुपयांच्या चपला घातलेला हा मुलगा दिवसभर असा प्रकाश जोडत हिंडतो. त्याला चहा विचारावा. रेटिंगही पाचच द्यावं. ही सूचना विनोदाने दिलेली नाही.

त्याच्या पाठोपाठ सोफा ढकलून केबल भिंतीशी चेपू नये. काचेचा धागा तीव्र वाकला की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो आणि पोरगा पुन्हा बोलवावा लागतो.

वीज गेल्यावर राउटरला छोटा यूपीएस असला तरी गच्चीवरच्या केबलवाल्याच्या डब्याला तो असेलच असं नाही. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा आणि बिल भरूनही नेट नाही या विषयावर घरातल्या सर्वांनी मिळून चर्चा करावी. बऱ्याच कुटुंबांत एकमेकांशी बोलण्याची तेवढीच वेळ असते.

शेवटी पासवर्ड. तो मुलाचं नाव आणि जन्मवर्ष असा ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे वाढदिवसाच्या केकवरून कोणालाही वाचता येतो. पाहुणे उंबऱ्यातच विचारतात, पाणी नंतर. त्यांना सांगावा. खालच्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी तो मागच्या गणपतीतच मिळवलेला असतो, त्यामुळे ३३०० जीबी संपवण्याच्या कामात त्यांचा हातभार धरून चालावं. पुढे कधी पासवर्ड बदलायचाच झाला तर त्यांना दोन दिवस आधी कळवावं. ऐन परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या वेब सिरीज अडकतात.