क्रियापद कुठंय?

तालुक्याच्या गावात एसटी स्टँड, मारुतीचं देऊळ आणि क्लॉजसर या तीन गोष्टी असतातच. बाकीचं असो-नसो. सरांचं खरं नाव लाइट बिलावर सापडतं. 'क्लॉजसर' हे नाव पोरांनी ठेवलं आणि पुढे त्या पोरांच्या पोरांनी चालवलं. खिशात कायम दोन बॉलपेनं, एक निळं आणि एक लाल. निळ्यानं वाक्य लिहायचं, लालनं त्याचे तुकडे पाडायचे. शाळेतून निवृत्त झाले, पण घराच्या पडवीत सकाळी दहावी आणि संध्याकाळी बारावी सुरूच आहे.

सरांची शिकवण अगदी थोडकी. "शब्दांचा नुसता घोळका म्हणजे फ्रेज. त्या घोळक्यात कर्ता असेल आणि काळ दाखवणारं क्रियापद असेल, तर तो क्लॉज. 'इन द मॉर्निंग' फ्रेज. 'व्हेन द सन राइझेस' क्लॉज. काम दोघांचं एकच, कधी ते सांगायचं. पण एकाच्या घरात क्रियापद नांदतं, दुसऱ्याच्या नाही." कोणी 'राइझिंग'लाही क्रियापद म्हटलंच, तर सर खवळतात. "ते फायनाइट नाही! काल की आज, सांगता येतं का त्याला?"

उशिरा आलेला मुलगा दारात उभा राहून म्हणतो, "बिकॉज बस वॉज लेट, सर." सर वर न बघता विचारतात, "बस लेट होती, कळलं. मेन क्लॉज कुठंय?" मुलगा 'आय ॲम लेट' पुढे जोडतो आणि बसमागे विसरलेलं 'द' लावतो, तेव्हा कुठे आत येतो. सरांना उशीर चालतो, अर्धवट वाक्य चालत नाही.

दैवत एकच, 'रेन अँड मार्टिन'. खाकी कव्हर घातलेलं हे इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक हातात घेतलं की आपोआप नाउन क्लॉजच्या पानावर उघडतं. यातल्या रेनसाहेबांनी हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरी केली आणि १९२४ साली फ्रेंच फॉरिन लीजनवर 'बो जेस्ट' ही गाजलेली साहसकादंबरीही लिहिली, हे एका माजी विद्यार्थ्यानं मोबाइलवर दाखवलं. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मोठ्या माणसाला एखादा नाद असायचाच."

सरांचा खास डाव 'दॅट'चा. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' आणि 'द न्यूज दॅट ही डाइड' ही जोडी फळ्यावर आली की मागच्या बाकावरचेही सरसावून बसतात. "पहिल्यात 'दॅट' काढून 'व्हिच' ठेवा. बसतं? मग ॲडजेक्टिव्ह क्लॉज, कुठली बातमी ते सांगतो. दुसऱ्यात 'व्हिच' बसत नाही. तिथं बातमी काय तेच सांगितलंय. नाउन क्लॉज इन ॲपोझिशन!" एकदा भर क्लासात पलीकडच्या आळीतले आजोबा गेल्याची बातमी घेऊन एक मुलगा धावत आला. सरांनी हात जोडले, डोळे मिटले. वर्ग गंभीर झाला. डोळे उघडून सर हळूच म्हणाले, "आता सांगा, ही 'ब्रॉट'वाली की 'डाइड'वाली?"

बोर्डाच्या पेपरातला 'डू ॲज डायरेक्टेड' हा प्रश्न म्हणजे सरांची वारी. 'टू' काढा, 'नो सूनर दॅन' वापरा, 'अनलेस' घाला. 'ही इज टू वीक टू वॉक' याचं 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' होतं. म्हाताऱ्याला आधीही चालता येत नव्हतं, नंतरही येत नाही. पण फ्रेजचा क्लॉज झाला आणि मार्क पडला. 'नो सूनर' गावात कोणाच्याही तोंडून कोणी ऐकलेलं नाही, पण दहावी पास झालेल्या प्रत्येकानं ते लिहिलेलं आहे.

खुद्द सरांना इंग्रजीत बोलताना मात्र कोणी पाहिलेलं नाही. बँकेत तामिळनाडूतून बदलून आलेले मॅनेजर रस्त्यात भेटले की हसून विचारतात, "कमिंग, सर?" सर थबकतात. कर्ता नाही, फायनाइट क्रियापद नाही. याला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, तर आधी 'आर यू' गृहीत धरायला हवं, मग टेन्स ठरवायला हवा. सगळं जुळेपर्यंत मॅनेजर चहा पिऊन बँकेत परतलेले असतात.

सरांचा कायदा घरात मात्र चालत नाही. सबऑर्डिनेट क्लॉज एकटा उभा राहू शकत नाही, हे सर रोज शिकवतात. आतून आवाज येतो, "आज जर का पुन्हा दळण विसरलात..." नुसता 'इफ'चा क्लॉज. मेन क्लॉजची वाट न बघता सर डबा उचलतात आणि गिरणीकडे सुटतात.

निवडणूक आली की सरांना बहर येतो. मागच्या खेपेला एका उमेदवाराचा जाहीरनामा घरी आला. 'गरिबीचं निर्मूलन. बेरोजगारीचं उच्चाटन. चोवीस तास पाणी. खड्डेमुक्त रस्ते.' सरांनी लाल पेन उघडलं. "निर्मूलन! करणार कोण? कर्ता नाही. कधी? काळ नाही. पानभर नुसत्या फ्रेजा! फ्रेज देणाऱ्याला जाब कसा विचारणार? त्यानं काही करतो म्हटलेलंच नाही." शेवटच्या ओळीवर मात्र पेन थांबलं. तिथं कागदावरचं एकमेव पूर्ण वाक्य होतं, 'आम्हालाच मत द्या.' सरांनी बरोबरची खूण केली, समासात शेरा मारला आणि तपासलेला पेपर प्रचार कार्यालयात परत पाठवला:

"व्हर्ब फायनाइट. सब्जेक्ट अंडरस्टूड, म्हणजे 'तुम्ही'. काम एकच आहे आणि तेही मतदारानंच करायचं आहे."